तिळाएवढ्या अंतरावरची मुंबई

[टाउन हॉल, सकाळचं ऊन. कॅमेरा पायऱ्यांवरून वर.]

ह्या पायऱ्या तुम्ही सिनेमात पाहिल्यात, जाहिरातीत पाहिल्यात, प्री-वेडिंगच्या फोटोंत तर हमखास. एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ साली बांधून पूर्ण झाला. आणि मराठीतल्या एका गोष्टीत पुण्याहून आलेले इतिहासाचे प्राध्यापक, गंगाधरपंत गायतोंडे, इथे येतात आणि लायब्ररीत बसून इतिहासाची पुस्तकं मागवतात. कारण बाहेर जी मुंबई ते बघून आलेत ती त्यांची मुंबईच नाहीये.

गोष्ट जयंत नारळीकरांची, 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

[व्हीटीची इमारत, बाहेरून. टॅक्सी, माणसं, बसेस.]

आता सीएसएमटी, गोष्टीत व्हीटी. गंगाधरपंत स्टेशनातून बाहेर पडतात तर समोर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय, अगदी चालू स्थितीत. जी कंपनी आपल्याकडे १८५७ नंतर गुंडाळली गेली ती इथे जिवंत आहे. दुकानांच्या पाट्या विलायती, आणि मुलगा ज्या ऑफिसात असायला हवा तिथे त्या नावाचा माणूसच नाही. बघा, ह्यात टाइम मशीन नाही, बटणं नाहीत, धूर नाही, रस्ता तोच आहे, तुम्ही-आम्ही रोज चालतो तोच, फक्त पाट्या बदलल्यात आणि तेवढ्यानेच वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मला विचाराल तर काळावर लिहिलेल्या मराठी गोष्टींत ह्याच्या तोडीचं फार थोडं आहे.

मग लायब्ररी. पाच खंड टेबलावर. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सगळं ओळखीचं, म्हणजे गडबड शेवटच्या खंडात, म्हणून ते तो खंड एकदा सुरुवातीकडून आणि एकदा शेवटाकडून असं दोन्ही बाजूंनी वाचत मधे सरकत जातात आणि बरोब्बर एका लढाईपाशी येऊन थांबतात. पानिपत. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी फौजेचं अवसान गेलं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. इथल्या बखरीत मात्र ती गोळी कानाला चाटून जाते. तिळाएवढा फरक पडला असता तर जिवावर बेतलं असतं, असं बखरकार लिहितो. त्या तिळातून सगळं वेगळं राज्य उभं राहतं, वेगळी मुंबई, वेगळी आगगाडी.

[आझाद मैदान. एकाच वेळी चाललेल्या दहा मॅच, धूळ.]

ह्या मैदानावर पंत एका सभेत घुसतात, स्टेजवरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते म्हणून जाऊन बसतात, लोक चिडतात आणि हाणामारी होते. परत आपल्या जगात आल्यावर त्यांच्या खिशात उरतं बखरीचं एक फाटलेलं पान. आणि ते पान बघून त्यांचा मित्र त्यांना क्वांटमचं गणित समजावतो, की इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, एका जगात इथे, दुसऱ्या जगात तिथे, आणि दोन्ही जगं खरी असू शकतात.

[राजाबाई टॉवर. घड्याळाचा क्लोजअप, काटे.]

आता हे घड्याळ बघा. राजाबाई टॉवर, १८७८ मधे पूर्ण झाला, प्रेमचंद रायचंद शेठनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. वेळ म्हणजे काहीतरी वरून ठरून आलेली गोष्ट असं आपण धरून चालतो, पण ह्या शहरात वेळेवरून अक्षरशः भांडणं झालीत. मुंबईची स्वतःची वेळ होती, बॉम्बे टाइम, ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटं पुढे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते आणि मुंबई आताच्या भारतीय वेळेच्या रेषेपासून साधारण पावणेदहा अंश पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य त्या रेषेपेक्षा ३९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात रेल्वे कित्येक वर्षं मद्रास टाइमवर चालायची, मुंबईपेक्षा अर्धा तास पुढे. म्हणजे घरात एक वेळ, फलाटावर दुसरी.

१ जानेवारी १९०६ ला सरकारने नवी वेळ लावली आणि त्याच महिन्यात गिरणी कामगार भडकले, कारण भोंगा ३९ मिनिटं आधी म्हणजे झोपेतून ३९ मिनिटं गेली, आणि ती कोणाच्या खात्यात गेली ते सांगायला नको. म्युनिसिपालिटीने आपली घड्याळं बॉम्बे टाइमवर ठेवली ती पार १९५५ पर्यंत. काही अग्यारींमधे अजून तीच वेळ पाळतात.

आणि ही नवी वेळ लागली त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ ला, तिकडे बर्नच्या पेटंट ऑफिसात काम करणाऱ्या आइन्स्टाइनने मांडलं होतं की सगळ्यांसाठी एकच काळ असं काही नसतंच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, गिरणगावात कोणी तो पेपर वाचला नव्हता, तरी मला ही दोन वर्षं शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. त्याच बर्नवर ॲलन लाइटमन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने कादंबरी लिहिली, 'आइन्स्टाइन्स ड्रीम्स', प्रत्येक स्वप्नात वेगळं जग आणि काळाचा वेगळा नियम. एका जगात उंचावर काळ हळू चालतो म्हणून लोक डोंगरावर घरं बांधतात. खऱ्या जगात उलट आहे, उंचावर घड्याळ किंचित जोरात पळतं, आणि जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगाचा परिणाम वजा करूनही रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती केली नाही तर तुमच्या फोनवरचा नकाशा दिवसाला काही किलोमीटर चुकेल.

[कुलाबा, समुद्र, टीआयएफआरची इमारत.]

नारळीकर १९७२ मधे केंब्रिजहून इथे आले, टीआयएफआरमधे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. दिवसा विश्वाची गणितं, आणि १९७४ मधे मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला एक गोष्ट पाठवायचं ठरलं, 'कृष्णविवर', म्हणजे जिथे काळ खरोखर मंदावतो ती जागा. पण नाव लावलं तर परीक्षक नाव बघून बक्षीस देतील. म्हणून आद्याक्षरं उलटी केली, ज.वि.ना. चं ना.वि.ज., नारायण विनायक जगताप, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून गोष्ट बायकोकडून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. पुढचं सगळ्यांना माहितीय, कथासंग्रह, कादंबऱ्या, २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, आणि २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले.

[शाळकरी मुलं, फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं.]

एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गंगाधरपंतांची ही गोष्ट 'द ॲडव्हेंचर' नावाने आहे, तेव्हा देशभरातली मुलं तिच्यावर प्रश्नोत्तरं लिहितात, आणि आपल्याकडे कित्येक पोरांना ती मूळ मराठी आहे हेही माहीत नसतं. विज्ञानकथा म्हटली की बालविभागाचं कपाट दाखवायचं, हे थांबायला पाहिजे. ही गोष्ट मराठीतून मिळवा, अकरावीतल्या पोराच्या हातात द्या, आणि वाचून झाली की त्याला व्हीटीपासून टाउन हॉलपर्यंत चालत घेऊन जा.