सण मुलांच्या हातचा

(दृश्य: पानगळ झालेलं माळरान. मधूनच केशरी फुलांनी लगडलेला पळस. झाडाखाली दोन मुलं वाकून फुलं वेचताहेत.)

निवेदन :
फाल्गुन लागला की विदर्भातलं रान ओळखू येत नाही. यवतमाळकडे, मेळघाटात, भंडारा-गोंदियाच्या वाटेवर पळसाला औषधालाही पान उरत नाही आणि फांद्या केशरी फुलांनी गच्च भरून जातात. सकाळी झाडाखाली ताज्या फुलांचा सडा पडलेला असतो. तोच वेचायचा. झाडावरच्या फुलांना हात लावायचं कारणच नाही.

होळी ते अक्षय्य तृतीया या साधारण दीड महिन्यात आपल्याकडे एवढे सण येतात, आणि त्या प्रत्येकात मुलांच्या हातांना काम आहे. खरं काम. केलं, कौतुक झालं, कपाटावर धूळ खात पडलं, असं व्हायला नको. मुलांनी केलेला रंग पिचकारीत जावा, त्यांनी काढलेलं कासव गौरीपुढे असावं, त्यांनी केलेल्या द्रोणात पाहुण्यांना डाळ वाढली जावी. या फिल्ममध्ये आम्ही निवडल्या आहेत त्या याच कसोटीवर उतरणाऱ्या गोष्टी.

(दृश्य: जवळून. पळसाचं एक फूल. लहान बोटं त्याची काळी मखमली टोपी खुडताहेत.)

निवेदन :
फुलाच्या देठाशी ही काळपट, मखमली टोपी असते. ती खुडून टाकायची आणि नुसत्या पाकळ्या घ्यायच्या. चार ओंजळी पाकळ्या तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजू द्या, सकाळी पाणी पिवळं झालेलं दिसेल. तेच पाणी पाकळ्यांसकट मंद आचेवर उकळलं की केशरी होतं. निवलं की पंचातून गाळायचं आणि थेट पिचकारीत भरायचं.

शहरात पळस कुठून आणणार? काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेली पळसफुलं मिळतात. ती थोडी जास्त वेळ भिजवावी लागतात, एवढाच फरक. बाजारातल्या रंगासारखा भडकपणा याला येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं. पण डोळ्यांत उडाला तर रडारड नाही, आणि संध्याकाळी दगडाने पाय घासत बसायला नको.

गुलालासाठी बीट. किसायचं, पिळायचं, रस आरारुटात चोळायचा, सावलीत वाळवायचं आणि चाळायचं. चाळणी मुलांच्या हाती द्या, खाली वर्तमानपत्र पसरा.

(दृश्य: अंगणात शेणाच्या छोट्या चकत्या उन्हात वाळताहेत. एक मुलगी चकतीच्या मधोमध बोटाने भोक पाडते.)

निवेदन :
विदर्भात होळीच्या आधी मुलं ‘चाकोल्या’ थापतात. ताज्या शेणाच्या तळहाताएवढ्या चकत्या, मध्ये बोटाने पाडलेलं भोक. कुणी चंद्र करतं, कुणी सूर्य, कुणी चांदणी. आठवडाभर कडक उन्हात वाळल्या की सुतळीत ओवून त्यांच्या माळा करायच्या आणि पौर्णिमेच्या रात्री होळीला घालायच्या. कुणीही शाळेत न शिकवलेली ही हस्तकला पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मुलांना शिकवली आहे. थापताना शेण फार ओलं असेल तर भोक बुजतं आणि फार कोरडं असेल तर कडा फाटतात. हे गणित गावातल्या सात वर्षांच्या पोराला पाठ असतं.

शहरात शेण मिळत नसेल तर हा भाग सरळ सोडून द्यावा. मातीच्या चाकोल्या करून होळीत टाकण्यात काही हशील नाही.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. एका वाटीत हळद कालवलेली. ड्रॉइंग पेपरवर कुंचला फिरतो, कागद पिवळाधमक होतो.)

निवेदन :
चैत्रात घरोघरी हळदीकुंकू होतं. त्याचं आमंत्रण हल्ली व्हॉट्सॲपवर जातं. शेजारच्या चार घरांपुरती तरी हाताने केलेली आमंत्रणं द्यावीत, आणि ती मुलांनी करावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं. कारण यात जी गंमत आहे ती पाहताना मोठेही ओट्यापाशी थांबतात.

चमचाभर हळद अर्ध्या वाटी पाण्यात कालवा. जाड कागदावर कुंचल्याने फासा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर वरची भुकटी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आता दुसऱ्या वाटीत कोमट पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा. काडीला कापूस गुंडाळून या बिनरंगाच्या पाण्यात बुडवायची आणि पिवळ्या कागदावर लिहायचं.

(दृश्य: अगदी जवळून. ओली काडी कागदाला टेकते. पिवळ्यावर तांबूस रेघ उमटत जाते. ‘या’ हे अक्षर पूर्ण होतं.)

निवेदन :
रेघ तांबडी उमटते. हळदीत कर्क्युमिन नावाचं द्रव्य असतं, ते अल्कलीच्या संपर्कात आलं की लालसर होतं. सोड्याने तांबूस, साबणाच्या पाण्यानेही तांबूस, चुन्याच्या निवळीने लालभडक. चुन्याला मात्र मुलांनी हात लावू नये, ते काम मोठ्यांचं. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या पद्धतीतही असाच क्षार लागतो. म्हणजे हळदीकुंकवाचं आमंत्रण हळदीवर कुंकवाच्या रंगाने लिहिलं गेलं. लाल रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की तिथे पुन्हा पिवळं! मुलं मग लिंबू सोडायला तयार होत नाहीत. दोन-तीन कागद केवळ या खेळासाठी जास्तीचे रंगवून ठेवा.

(दृश्य: पाडव्याची सकाळ. दारात मोठी गुढी. खिडकीच्या कट्ट्यावर हातभर उंचीची दुसरी गुढी उभी करण्याची खटपट चालली आहे.)

निवेदन :
पाडव्याला मोठी गुढी मोठी माणसं उभारतात आणि मुलं खाली उभी राहून बघतात. त्यांना त्यांची स्वतःची गुढी द्या. हातभर लांबीची बांबूची काडी, खणाचा किंवा ब्लाउजपीसचा वीतभर तुकडा, कडुनिंबाची डहाळी, आंब्याची दोन कोवळी पानं, फुलांची छोटी माळ. आणि वर उपडा घालायला भातुकलीतला तांब्या. भातुकली माळ्यावर असेल तर या निमित्ताने खाली काढा.

खणाला एकाआड एक घड्या घालायच्या, वरचं टोक काडीला दोऱ्याने आवळून बांधायचं आणि मग निऱ्या मोकळ्या करायच्या. गाठ मुलांनीच मारावी. सैल बसेल, कापड घसरेल, पुन्हा बांधावं लागेल. आपण मध्ये हात घालायचा नाही. गुढी उभी राहण्यासाठी पितळी पेल्यात गहू भरून त्यात काडी खोचायची. आणि सूर्यास्ताला मोठी गुढी उतरवताना हिलाही हळदकुंकू वाहून उतरवायचं, म्हणजे हिचा मान तेवढाच.

कडुनिंबाचं पान नीट बघितलंय का? कडा दातेरी असते, आणि देठाशी पानाची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी खाली उतरलेली असते. परदेशात, जिथे थंडीमुळे कडुनिंब तग धरत नाही, तिथली आपली मुलं हिरव्या कागदाची डहाळी कातरतात. त्यांना पानाचा फोटो जरूर दाखवा. गुळगुळीत कडांची पानं कातरलेली डहाळी कडुनिंबाची वाटत नाही.

(दृश्य: मालधक्क्यासारखी लांबलचक खोली. लाकडी साचे ओळीने मांडलेले, त्यांत दोरा ताणलेला. पांढरा पाक ओतला जातो. मग कट्: घरचं स्वयंपाकघर, तूप लावलेलं आप्पेपात्र.)

निवेदन :
साखरेच्या गाठी कारखान्यात लाकडी साच्यांत अशा ओततात. खानदेशात यांना हार-कंगण म्हणतात आणि होळीपासूनच मुलांच्या गळ्यात, मनगटात ते दिसायला लागतात. घरी करायच्या तर वाटीभर साखरेला पाव वाटी पाणी. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची टणक गोळी झाली की गॅस बंद करायचा आणि पाक पांढुरका, गढूळ दिसेपर्यंत भराभर घोटायचा. त्या घोटण्यानेच साखर पुन्हा दाणेदार होऊन घट्ट बसते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पाक उकळत्या पाण्यापेक्षा खूप जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो. त्यामुळे शेगडीजवळ, घोटताना आणि ओतताना मुलं लांब. त्यांचं काम आधीचं आणि नंतरचं. आप्पेपात्राला तुपाचं बोट फिरवायचं, प्रत्येक खळग्यातून जाईल असा जाड दोरा अंथरायचा. तासाभराने पात्र पूर्ण गार झालं की गाठ अलगद सोडवायची. दोरा खळग्याच्या तळाशी टेकलेला हवा. वरवर राहिला तर गाठ उचलताना चकत्या सुटून पडतात. पडलेल्या चकत्यांचं काय करायचं, ते मुलांना सांगावं लागत नाही.

(दृश्य: अंगण. गेरूने सारवलेला चौकोन. पांढऱ्या रांगोळीने काढलेलं चैत्रांगण अर्धं झालं आहे. आजी आणि नात शेजारी बसल्या आहेत.)

निवेदन :
चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. या महिन्याभरात अंगणात रोज चैत्रांगण काढतात. मधोमध मखरातली किंवा झोपाळ्यावरची गौर, आणि तिच्या भोवती तिचं सगळं विश्व : शंख, चक्र, गदा, पद्म, चंद्र-सूर्य, गोपद्म, स्वस्तिक, कासव, हत्ती, नाग, तुळशीवृंदावन, कलश, फणी, आरसा, करंडा, हळदकुंकवाची कोयरी. माहेरवाशिणीला लागणारी वेणीफणीची वस्तूसुद्धा विसरायची नाही, इतकी माया या रेघांत आहे. मुलांसाठी यापेक्षा चांगली चित्रकलेची वही मला तरी माहीत नाही.

फ्लॅटमध्ये अंगण नसतं. दोन फूट लांब-रुंद प्लायवूडला गेरूचा हात द्या आणि तो देव्हाऱ्यापाशी ठेवा, काम भागतं. पहिल्या दिवशी सगळं काढायला लावू नका, मूल कंटाळेल. रोज एक चिन्ह नवं. आज चंद्र, उद्या सूर्य, परवा गोपद्म. आधीची सोबत येतातच, त्यामुळे हात बसत जातो. महिना संपेपर्यंत चित्र भरून गेलेलं असतं.

(दृश्य: जवळून. आजीचा अंगठा आणि तर्जनी. चिमटीतून बारीक सरळ धार पडते. शेजारी नातीची जाड, तुटक रेघ.)

आजी : चिमूट घट्ट नको धरूस. अंगठा पुढे सरकव, हळूच. हात पुढे ने आणि रांगोळी सोडत जा.

नात : आजी, याचे पाय वाकडे झाले.

आजी : होऊ देत गं. चालणारं कासव आहे ते.

निवेदन :
प्लॅस्टिकचे छापे आणि जाळीचे डबे आणू नका. त्यांनी गौर दोन मिनिटांत उमटते, पण बोटांना काहीच कळत नाही. चिमटीतून रेघ सोडणं हे बोटांचं शहाणपण आहे, ते रोज थोडंथोडं येतं. रांगोळी फार बारीक असेल तर धार धरत नाही, लोंढा पडतो. किंचित रवाळ घ्यावी. मुलाच्या चिमटीतून तीच नीट सुटते.

(दृश्य: केळीचं पान शेगडीच्या आचेवरून फिरतं, हिरवा रंग गडद होतो. ओट्यावर आंब्याची डाळ, पन्ह्याचं पातेलं.)

निवेदन :
आणि आता हळदीकुंकवाची दुपार. वाटल्या डाळीत कैरीचा कीस पडला आहे, पन्ह्यात वेलदोडा. डाळ वाढायला द्रोण हवेत. पळसाची नवी पालवी या दिवसांत नुकती धरत असते, पत्रावळीजोगी मोठी पानं सगळीकडे मिळतीलच असं नाही. म्हणून केळीचं पान. ते आचेवरून अलगद फिरवलं की लवचिक होतं, घडी घालताना फाटत नाही. एवढं मोठ्यांनी करून द्यावं. मग त्याचे वीतभर चौकोन कापायचे, चौकोनाचा प्रत्येक कोपरा चिमटीत धरून उभा करायचा, आणि दुमडलेली कड नारळाच्या हिराच्या तुकड्याने टाचायची. हीर पानाच्या शिरांना आडवा घालायचा. शिरांच्या दिशेने घातला तर पान चिरत जातं.

पहिला द्रोण गळका होईल, चौथा-पाचवा डाळ धरेल. डाळ कोरडीच असते, त्यामुळे थोडी फट चालते. पन्हं मात्र पेल्यातच द्या. अगदी लहान मुलांच्या हाती द्रोण देताना हीर काढून घ्यावेत.

(दृश्य: दारात बायका येताहेत. एकीच्या हातात हळदीचा पिवळा कागद. आत गौरीपुढे कलिंगडाची कापून केलेली कमळं, भिजवलेले हरभरे. एक मुलगा ताटात द्रोण मांडून उभा आहे.)

निवेदन :
कुंकू लावणं, अत्तर देणं, ओटीत हरभरे घालणं चालू होईल. डाळीचं ताट द्रोण करणाऱ्यांच्याच हाती द्या. “काकू, डाळ घ्या ना” असं म्हणत ते प्रत्येकीपुढे जातील. कुणी विचारलंच, की द्रोण कुठून आणले, तर उत्तर त्यांनाच देऊ द्या.