तलंगांना पाण्यातून लस पाजताना

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या शेडमध्ये आज चार-पाच आठवड्यांची अंड्यावरची पिल्लं आहेत, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं आहे. या वयात पिल्लू तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, व्हायच्या वाटेला लागतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही प्रत्येकाला हातात धरून डोळ्यात राणीखेत रोगावरच्या लासोटा लशीचा थेंब टाकलेला असतो. आता तीच लस पुन्हा द्यायची, पण पाण्यातून. आणि इथेच मी हमखास ऐकते, "पाण्यात तर टाकायची आहे, गडी टाकेल."

मी पशुवैद्यक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेडमध्ये मी स्वतः उभी राहून दोन हजार पक्ष्यांना अशी लस पाजली. कुपी बर्फातून आणली, वेळ पहाटेची धरली. पाणी मात्र नळाचं होतं. आदल्या संध्याकाळी गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर पडली होती आणि ते विचारायचं मला सुचलं नाही. महिना-सव्वा महिन्याने त्या शेडमध्ये मानमोडी शिरली. पक्षी मान पिळून, वर बघत गोल फिरत होते. मालकीणबाईंनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, लस तर पाजली होती ना?" पाजली होती, पण मेलेली. त्या दिवसापासून मी लशीआधी पाण्याची चौकशी करते.

मानमोडी म्हणजेच राणीखेत. आपल्या देशात १९२७ साली हा रोग उत्तराखंडातल्या राणीखेतला नोंदवला गेला, म्हणून हे नाव. तिच्यावरच्या लशीचं लासोटा हे नाव म्हणजे एक आडनाव आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लासोटा नावाच्या कुक्कुटपालकाच्या फार्मवर १९४६ साली हा सौम्य विषाणू सापडला. कुपीच्या तळाशी जी पांढरी वडी दिसते, तिच्यात हा विषाणू जिवंत असतो. पक्षी पाणी पितो तेव्हा तो घशात आणि टाळूच्या फटीतून नाकाकडच्या अस्तरात रुजतो, तिथे वाढतो, आणि मग अंगात प्रतिकारशक्ती तयार होते. वाटेत क्लोरीन, ऊन किंवा उष्णता लागली की तो मरतो. मेलेला विषाणू पाण्यातून पोटात गेला, तर त्याचा उपयोग शून्य.

म्हणून तयारी दोन दिवस आधीपासून. पाण्यात टीसीएल किंवा कुठलंही जंतुनाशक घालणं लशीच्या आधी दोन दिवस बंद करा. ते लस दिल्यानंतरही एक दिवस बंदच ठेवा. टाकी, पाइप, ड्रिंकर घासा, पण निव्वळ पाण्याने. साबण, फिनाईल नको. लस कालवायला प्लॅस्टिकची बादली घ्या, लोखंडी किंवा जस्ताची नको. आणि साय काढलेल्या दुधाची पावडर आणून ठेवा. लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला पन्नास. ती पाण्यात नीट विरघळवून अर्धा तास थांबा. उरलासुरला क्लोरीन दूध स्वतःवर घेतं आणि विषाणूला सांभाळतं. घरचं साईचं दूध ओतू नका, त्याच्या स्निग्धाने निपल, म्हणजे पक्षी चोचीने दाबून पाणी पितात त्या बारीक तोट्या, चोंदतात.

पाणी किती घ्यायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पुस्तकातला आकडा सांगण्यापेक्षा मी म्हणते, आदल्या दिवशी मोजा. ज्या वेळी लस द्यायची, त्याच वेळी तेवढाच वेळ पक्षी तहानलेले ठेवा, मग मोजून पाणी द्या आणि दोन तासांत किती संपलं ते पाहा. तेवढंच पाणी उद्या लशीला. पाच आठवड्यांच्या हजार पक्ष्यांना थंडीच्या दिवसांत ते साधारण वीस लिटरच्या आसपास येतं, पण तुमच्या शेडचा आकडा तुमचाच. पाणी कमी पडलं तर दांडगे पक्षी अर्ध्या तासात सगळं संपवतात आणि भित्र्यांच्या वाट्याला काही येत नाही. जास्त झालं तर ते चार तास पडून राहतं आणि त्यातली लस मरत जाते.

तहानेचंही तसंच. थंडीत दोन तास पाणी तोडलं तरी चालतं. चैत्र-वैशाखात अर्धा-पाऊण तास पुरे, आणि काम उजाडायच्या आत उरकायचं. खाद्य तोडू नका. खाद्य खाल्लेला पक्षी पाण्याकडे आपसूक येतो.

आता कुपी. तिचं झाकण हवेत उघडू नका. कुपीच्या आत हवा काढून घेतलेली असते. बादलीतल्या दुधाळ पाण्यात कुपी पूर्ण बुडवा, मग अंगठ्याने रबरी बूच सरकवा. पाणी सुर्रकन आत ओढलं जातं आणि वडी क्षणात विरघळते. ओढ जाणवलीच नाही, तर त्या कुपीत आधीच हवा शिरलेली असते, ती बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या. कुपी दोन-तीनदा त्याच पाण्यात खळबळून घ्या. बाराशे पक्ष्यांना हजार डोसांची एक कुपी ताणू नका, दोन फोडा. कुपीचे दोनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊन अख्ख्या बॅचची अंडी पणाला लागतात.

घंटेसारखे ड्रिंकर असतील तर आणखी चार-सहा मांडा, म्हणजे निदान दोन तृतीयांश पक्षी एका वेळी चोच घालू शकतील. निपलची लाईन असेल तर एक गोष्ट विसरू नका. लाईनमध्ये आधीचं साधं पाणी भरलेलं असतं. शेवटच्या टोकाची तोटी उघडून, दुधाळ पाणी तिथवर पोचेपर्यंत ते वाहू द्या, मग तोटी बंद करा. नाहीतर टोकाकडचे पक्षी आपली तहान साध्या पाण्यावर भागवतात.

लशीसोबत मिळणारा निळा रंग मी आवर्जून वापरायला सांगते. पाणी सोडल्यावर शेडमधून सावकाश चालत राहा, कोपऱ्यात बसलेल्यांना उठवा. दोन तासांनी शेडच्या चारही बाजूंचे आणि मधले मिळून शंभर पक्षी धरा आणि चोच उघडून जीभ पाहा. नव्वदांहून जास्त जिभा निळ्या दिसल्या पाहिजेत. मी नेहमी सगळ्यात लांबच्या, अंधाऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात करते. तिथली जीभ गुलाबी निघाली, तर ड्रिंकर कमी पडले हे पुढच्या वेळेसाठी कळतं. आजारी, सर्दीने घुरघुरणाऱ्या बॅचला मात्र लस पाजू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आपल्याही डोळ्यांची काळजी घ्या. ही जिवंत लस माणसाच्या डोळ्यात उडाली तर डोळे येतात. चष्मा लावा, हात साबणाने धुवा, आणि रिकाम्या कुप्या उकळून मग पुरा. त्या उकिरड्यावर फेकू नका.

शेवटी वही काढा. कुपीवरचा कागद सोलून त्या दिवसाच्या पानावर चिकटवा, त्यावर बॅच नंबर असतो. खाली लिहा: पाणी किती लिटर, किती मिनिटांत संपलं, शंभरातल्या किती जिभा निळ्या. लस लागली का ते कळायला दोन-तीन आठवड्यांनी दहा-पंधरा पक्ष्यांच्या रक्ताचे नमुने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रयोगशाळेत पाठवा. पुण्याला औंधमध्ये अशी तपासणी होते. अहवाल आला की तोही त्याच पानाला टाचून ठेवा.

नमस्कार.