१,३२० फुटांसाठी गाडी निवडताना

[दृश्य: ड्रॅग स्ट्रिप. मधल्या खांबावर पिवळे दिवे, मग हिरवा.]

पाव मैल. १,३२० फूट, म्हणजे ४०२ मीटर. ही ड्रॅग शर्यत: सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, आणि पलीकडची रेषा आधी ओलांडेल ती जिंकली. अमेरिकेत १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि हमरस्त्यांवर, ओसाड धावपट्ट्यांवर चालणाऱ्या या शर्यतींना नियम मिळाले. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत.

या शर्यतीसाठी जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाची गाडी, घ्यायची म्हटलं की ओठांवर तीच नावं येतात. शेव्हेल, रोड रनर, चॅलेंजर. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही नावं बाजूला ठेवा. त्याच कंपन्यांनी त्याच वर्षांत बनवलेली सगळ्यात साधी गाडी शोधा. दोन दारं, सहा सिलिंडर, आत मोजकंच सामान.

[दृश्य: वजनकाट्यावर चढणारी गाडी.]

हिशेब करून बघू. ड्रॅगवाल्यांचं एक जुनं सूत्र आहे. चालकासकट गाडीचं वजन पौंडांत घ्यायचं, त्याला हॉर्सपॉवरनं भागायचं, उत्तराचं घनमूळ काढायचं आणि ५.८२५ नं गुणायचं. पाव मैलाला किती सेकंद लागतील, त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

४०० हॉर्सपॉवरचं एक इंजिन धरा. ते ३,७०० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,६८० किलोंच्या गाडीत बसवलं तर वेळ येते १२.२ सेकंद. तेच इंजिन ३,००० पौंडांच्या, १,३६० किलोंच्या गाडीत बसवलं तर ११.४. जड गाडीला हलकीच्या बरोबरीनं पळवायचं तर आणखी ९० हून जास्त हॉर्सपॉवर लागतील. म्हणजे नवी हेड, नवा कॅम, भारी पिस्टन, आणि तो जोर पेलणारा गिअरबॉक्स. हा सगळा खर्च केवळ नावाच्या हौसेपायी.

[दृश्य: साठच्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं.]

डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकेच्या मोटारनगरीतल्या, कंपन्यांना हे चांगलं ठाऊक होतं. १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या पाँटिॲकनं १४ कॅटलिना गाड्यांच्या चासीला अक्षरशः भोकं पाडली. लोखंडाचा प्रत्येक अनावश्यक तुकडा काढून टाकला. त्याच वर्षीच्या जानेवारीत जनरल मोटर्सनं शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि तो प्रयोग तिथंच थांबला. पुढच्या वर्षी फोर्डनं फेअरलेनवर आधारित थंडरबोल्ट आणली. त्यात ४२७ घन इंचांचं इंजिन होतं, पुढचे मडगार्ड आणि बोनेट फायबरचे होते. चार हेडलाइटांपैकी आतले दोन काढून तिथं जाळ्या बसवल्या होत्या, इंजिनाला थंड हवा मिळावी म्हणून.

पण या वाटेवर सगळ्यात पुढे गेली ती १९६८ ची डॉज डार्ट. डार्ट म्हणजे खरं तर घरगुती वापराची छोटी, काटकसरीची गाडी. डॉज आणि प्लिमथ हे दोन्ही क्रायस्लरचेच ब्रँड. क्रायस्लरनं ही डार्ट हर्स्ट कंपनीकडे पाठवली आणि तिच्यात ४२६ घन इंचांचं हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षांचं, इंजिन बसवून घेतलं. ऐंशीच्या आसपास डार्ट बनल्या, आणि त्याच धर्तीवर थोड्या कमी प्लिमथ बॅराकुडा. इंजिन मावत नव्हतं म्हणून ब्रेकचा मास्टर सिलिंडर बाजूला सरकवावा लागला. दारांचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केला. मागची सीट, रेडिओ, हीटर काहीच ठेवलं नाही. पुढच्या सीट मालवाहू व्हॅनमधून आणलेल्या, कारण त्या हलक्या होत्या.

[दृश्य: दाराचा आतला भाग, अगदी जवळून.]

हे दार नीट पाहा. काच खालीवर करायचं हँडल इथं नाही. काचेच्या खालच्या कडेला एक पट्टा आहे. काच वर हवी असेल तर पट्टा ओढायचा आणि अडकवायचा. काचसुद्धा नेहमीपेक्षा पातळ. एका दारात वाचणारं वजन किती? थोडंसंच. पण गाडीच्या प्रत्येक भागाकडे त्यांनी याच नजरेनं पाहिलं. आमच्या मते अमेरिकन कारखान्यातून बाहेर पडलेली ही सगळ्यात प्रामाणिक शर्यतीची गाडी आहे. तिच्यावर चक्क सूचना चिकटवलेली असे की ही गाडी सर्वसाधारण वापरासाठी नाही.

त्या डार्ट आज संग्राहकांकडे आहेत आणि तिथंच असाव्यात. पण तिच्या घराण्यातल्या साध्या गाड्या अजूनही मिळतात.

[दृश्य: एका ओळीत उभ्या तीन गाड्या. नोव्हा, मस्टँग, डस्टर.]

पर्याय मुख्यतः तीन. पहिली शेव्रोलेची नोव्हा. १९६६-६७ ची चेव्ही टू नोव्हा हलकी आणि देखणी, पण तिचे भाव आभाळाला भिडलेत. १९६८ नंतरची थोडी जड, मात्र तिची पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारी चौकट, बोल्टांनी जोडलेली असल्यानं काम सोपं होतं.

दुसरी फॉक्स बॉडी मस्टँग, १९७९ ते १९९३. मसल कारचा जमाना तोवर ओसरला होता, तरी वजनाच्या कसोटीला ही गाडी पुरेपूर उतरते. हॅचबॅक आणि कन्व्हर्टिबल सोडा, वेगळी डिकी असलेली कूपे घ्या. तीच सगळ्यात हलकी. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी पाठलागासाठी तीच घेतली होती. पाच लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, तिच्यात कारखान्यातूनच मिळायचं आणि सुटे भाग ढिगानं मिळतात. खिशाला परवडणारी गाडी हवी असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. फक्त मागच्या सीटखाली, जिथं ॲक्सलचे आर्म बॉडीला जोडलेले असतात, तिथला पत्रा तपासा. जोरदार सुटताना तो फाटतो.

आणि तिसरी, आमच्या मनातली. प्लिमथ डस्टर, १९७० ते १९७६. डार्टच्याच चासीवरची. सहा सिलिंडरची डस्टर साधारण १,३०० किलोंची. पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आहेत, त्यामुळे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे उंच खांब नाहीत आणि हात घालायला मोकळी जागा मिळते. सहा सिलिंडरच्या गाडीचे टॉर्शन बार बारीक असतात. ड्रॅगसाठी तेच हवे, कारण सुटताना गाडीचं नाक चटकन उचललं जातं आणि वजन मागच्या चाकांवर येतं. मागे साधे पाटे. क्रायस्लरनं खास ड्रॅगसाठी बनवलेले पाटे डाव्या बाजूला वेगळे आणि उजव्या बाजूला वेगळे असत. इंजिनाच्या पिळामुळे उजवं मागचं चाक उचललं जायला बघतं, ते दाबून धरण्यासाठी.

इंजिन ३६० घन इंचांचं घ्या. प्रसिद्ध ३४० च्याच कुटुंबातलं, पण ट्रक आणि व्हॅनमध्येही वर्षानुवर्षं बसवलेलं, म्हणून सहज सापडणारं. कुणी मूळ ३४० ची डस्टर विकायला काढली असेल तर ती मात्र कापू नका. तशा गाड्या कमी उरल्यात. तिला मूळ रूपातच जपणारा मालक मिळू द्या.

[दृश्य: लिफ्टवर चढवलेली गाडी, खालून.]

आता सौदा करण्याआधी गाडीखाली जा. टॉर्शन बारची मागची टोकं ज्या आडव्या पट्टीत बसतात, ती ठोकून बघा. तिथं गंज असेल तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. मग पाट्यांचे पुढचे हँगर आणि डिकीचा तळ. इंजिन बंद पडलेलं असलं तरी बिघडत नाही, ते काढायचंच आहे.

साध्या गाडीचा एक खर्च आधीच धरून चाला. सहा सिलिंडरच्या डस्टरचा मागचा ॲक्सल सव्वासात इंचांच्या गिअरचा असतो. व्ही-८ आणि स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले घट्ट पकडीचे, टायर लावल्यावर तो टिकणार नाही. क्रायस्लरचा पावणेनऊ इंची किंवा फोर्डचा नऊ इंची ॲक्सल बसवावाच लागेल. ब्रेकही मोठे हवेत. बॉडीला पुढून मागे जोडणाऱ्या पट्ट्या वेल्ड करा, नाहीतर सगळा जोर पत्रा पिळण्यातच जाईल.

मघाच्या हिशेबातले ११.४ सेकंद आठवा. ११.४९ किंवा त्याहून कमी वेळ दिली की नियमांप्रमाणे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा लोखंडी दांडा, लागतो. दहाच्या आत आलात तर तशाच दांड्यांचा पूर्ण पिंजरा. म्हणजे वाचवलेल्या वजनातलं थोडं परत येतं. ते आनंदानं घ्या, त्यात तुमचा जीव आहे. बॅटरी डिकीत, उजव्या मागच्या चाकाच्या बाजूला हलवा आणि बाहेरून बंद करता येईल असा स्विच बसवा. तोही नियम आहे.

[दृश्य: वेळेची छापील चिठ्ठी, हातात.]

पहिल्या फेरीनंतर ही चिठ्ठी मिळते. सगळे आधी शेवटचा आकडा बघतात. तुम्ही आधी पहिल्या ६० फुटांना लागलेल्या वेळेचा आकडा बघा. गाडी जागेवरून कशी सुटली ते इथं कळतं. हा आकडा वाईट असेल तर इंजिनाला हात लावू नका. टायरमधली हवा, पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्यावर काम करा, आणि पुन्हा रांगेत लागा.