बारा मिलिमीटर
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: रविवार पेठ, बोहरी आळी. दुकानांच्या दारात टांगलेली दोरांची वेटोळी.)

पुण्याच्या बोहरी आळीत दोर किलोवर मिळतो. सुंभ, सुतळी, पिवळा दोर, निळा दोर, हिरवा दोर. ट्रकवर माल आवळायला हाच, बोअरमधली मोटर वर घ्यायला हाच, मांडवाचे बांबू बांधायलाही हाच. मे महिना लागतो, पाऊस तोंडावर येतो, आणि झाडांच्या फांद्या उतरवणाऱ्या टोळ्याही याच दारात उभ्या राहतात. दुकानदार विचारतो, जाड देऊ की बारीक? यापुढे चौकशी जात नाही.

(दृश्य: निळ्या दोराचं टोक, अगदी जवळून. तळहातावर पडणारा भुगा.)

हा निळा दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. वजनाला हलका, पाण्यावर तरंगतो, म्हणून होडीवाल्यांना सोयीचा. ऊन मात्र त्याला सोसत नाही. हा तुकडा गच्चीवर पडून राहिलेला. चोळला की असा भुगा होतो. शिवाय साधारण १६५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. नायलॉन २२० किंवा त्याच्याही पुढे, पॉलिस्टर २५५ ते २६० च्या आसपास. हे आकडे कारखान्यातले वाटतात. पण अंगाचा सगळा भार एका गाठीवर टाकून माणूस भरकन खाली सरकतो, तेव्हा दोरावर दोर घासतो आणि गाठीच्या जागी चटका बसेल इतकी ऊब तयार होते.

(दृश्य: कोथरूडमधली जुनी सोसायटी. आवारातला पर्जन्यवृक्ष, खालून वर जाणारा कॅमेरा.)

हा पर्जन्यवृक्ष. कुणी याला विलायती शिरीष म्हणतं. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. उंची अठरा-एक मीटर, पण याचं खरं अंग उंचीत नाही, पसाऱ्यात आहे. फांद्या आडव्या जातात, लांबच लांब. त्यातली एक पार्किंगवर झुकली आहे आणि तिच्या मुळाशी कुजल्याची खूण दिसते. १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याखाली छाटणीची परवानगी आली आहे, कागद गेटवर चिकटवलाय. कोणती फांदी, कुठून कापायची, सगळं त्यात आहे. वर जाणारा माणूस कशाला लोंबकळणार, हे मात्र कुठल्याही कागदात नाही.

(दृश्य: टेम्पोतून उतरलेले तीन दोर ताडपत्रीवर शेजारी शेजारी.)

टोळीतला वर चढणारा गडी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत कडे चढतो. त्यामुळे या ताडपत्रीवर डोंगरातला दोरही आहे. दिसायला देखणा, कंपनीचा, महाग. आणि या कामाला चुकीचा.

कड्यावर चढणारा माणूस दोराच्या वर असतो. तो सुटला तर दोन-चार मीटर पडतो आणि मग दोर त्याला झेलतो. झेलताना हिसका बसू नये म्हणून हा दोर मुद्दाम ताणणारा केलेला असतो. युरोपच्या ईएन ८९२ या मानकात नुसतं ८० किलो वजन टांगलं तरी एकेरी दोराला १० टक्क्यांपर्यंत ताणायची मुभा आहे, आणि चाचणीतल्या पहिल्या पडण्याला ४० टक्क्यांपर्यंत. झाडावरचा माणूस उलट दोराच्या खाली असतो. त्यानं पडायचंच नसतं. तो दिवसभर दोरावर बसतो, रेलतो, आडव्या फांदीवर चालत टोकापर्यंत जातो. तिथे दोर वीतभर जरी जास्त ताणला तरी हातातली करवत भलत्याच जागी लागते. पाय घसरला तर माणूस झोका घेऊन सरळ खोडावर येतो.

म्हणून इथे कमी ताणणारा दोर लागतो. त्याचं मानक ईएन १८९१, त्यातही ए प्रकार. भार ५० वरून १५० किलोवर नेला तरी लांबी ५ टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२४० किलो. टोकाला गाठ मारून ओढला तर अपेक्षा १५ किलोन्यूटनची. गाठीनं दोराची ताकद कमी होते, हे मानकानंच धरून ठेवलंय. ओला नायलॉन आणखी दहा-पंधरा टक्के गमावतो. पाऊस येऊन गेला की कामाची घाई सुरू होते, आणि दोर नेमका तेव्हाच भिजलेला असतो.

(दृश्य: दोराचं टोक कापून उलगडलेलं. बाहेरचं वेष्टण मागे सारलं जातं, आतले पांढरे धागे.)

हे बघण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत दोर म्हणजे ताग, काथ्या, मनिला. तीन पदर घेऊन पीळ दिलेला. हे दोर आतून कुजायचे आणि बाहेरून शहाजोग दिसायचे. मग नायलॉन आला. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीनं पीळ सोडून दिला आणि कर्नमँटल दोर आणला. नेफ्यातून नाडी जावी तसा वेष्टणातून जाणारा गाभा. वजन मुख्यतः गाभा पेलतो, घासणं-कापणं वेष्टण सोसतं. गिर्यारोहण, गुहा, बचावकार्य, सगळीकडे पुढे हाच चालला.

झाडवाल्यांनी मात्र वेगळी वाट धरली. हा तिसरा दोर बघा. सोळा पदरी. याचं वेष्टण जाड आहे, पॉलिस्टरचं आहे आणि भार बहुतेक तेच उचलतं. आतला गाभा दोर गोल राहावा म्हणून. असं का? झाडावर दोर फांदीवरून सतत पुढे-मागे सरकतो, सालीवर घासतो. पातळ वेष्टण महिन्याभरात विरेल. आणि दुसरं कारण गाठीचं, चढणारा दोराला ज्या गाठीनं लटकतो तिचं. गुहेत उतरायचा दोर घट्ट, गुळगुळीत विणलेला असतो, त्यावर गाठ घसरू पाहते. सोळा पदरीवर ती बसते. बाजारात चोवीस पदरीही आहेत, जरा बारीक, जरा महाग, आणि नवी यांत्रिक उपकरणं त्यांच्यावर चांगली चालतात. आपला विषय गाठीवाल्यांचा आहे.

जाडी बारा मिलिमीटर. अकराचा दोर ताकदीला पुरतो, पण घामेजल्या मुठीत येत नाही. अमेरिकेत तर जुना शिरस्ता अर्ध्या इंचाचा, म्हणजे जवळपास १३. लांबी ४५ मीटर, कारण दोर फांदीवरून दुहेरी येतो; १८ मीटरच्या झाडाला ३६ तर इथेच गेले.

(दृश्य: फेकदोरी. पहिली फेक, दुसरी, तिसरी. पिशवी फांदीच्या बेचक्यातून पलीकडे.)

चढाईची सुरुवात जमिनीवरच होते. दोन-तीनशे ग्रॅमची छऱ्यांची पिशवी, तिला बारीक दोरी. ती फांदीवरून पलीकडे गेली की तिच्या मागून मोठा दोर ओढायचा. मग दोघांनी मिळून त्याला लोंबायचं. फांदी पेलते का, आवाज करते का, हे वर जायच्या आधी कळलेलं बरं. बुटाला लावायचे लोखंडी काटे इथे दिसणार नाहीत. जे झाड मुळासकट काढायचं आहे त्याला काटे चालतात; जगवायचं आहे त्याच्या सालीखालच्या जिवंत थरात प्रत्येक पावलागणिक भोकं पाडायची नाहीत. दोरानंही साल कापू नये म्हणून फांदीला हा पट्टा, दोन टोकांना दोन कड्या. दोर कड्यांतून फिरतो. झाडही वाचतं, दोरही.

(दृश्य: गाठ मारणारे हात. पूर्ण प्रक्रिया, न कापता.)

ही ब्लेक हिच. वरच्या दिशेनं चार वेढे, मग टोक खाली आणून खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर. वजन टाकलं की आवळते, वरून हातानं दाबली की सरकते. तिची थोरली बहीण प्रुसिक. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकनं १९३१ मध्ये मांडलेली. प्रुसिकला वेगळी बारीक दोरी लागते आणि ती मुख्य दोराहून बारीकच हवी, नाहीतर पकडत नाही. आता हात थांबतात, बघा. गाठ मारली, हातानं नीट बसवली, आणि जमिनीपासून फूटभर वर बसून झटका देऊन पाहिली. हे बघायला मिनिटभर लागतं आणि कुठलाही मुकादम ते मिनिट वाया गेलं असंच म्हणतो.

(दृश्य: दोन हार्नेस, दोन हेल्मेट, झाडाखालच्या बाकावर.)

डावीकडचा हार्नेस, म्हणजे अंगावर चढवायचा पट्ट्यांचा साज, बांधकामावर दिसतो. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा छाप, पाठीवर कडी. पडणाऱ्याला अडवायला तो उत्तम. पण त्यात बसून काम करता येत नाही. पाठीला टांगलेला माणूस झाडाकडे तोंड करून राहू शकत नाही. उजवीकडचा बसायचा. मांड्यांना रुंद पट्टे, पुढे एक छोटा दोर-पूल आणि त्यावर सरकणारी कडी, म्हणजे वळलं तरी दोर समोरच राहतो. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या कड्या खोडाला वेढा घालायच्या दोरीसाठी.

हेल्मेटचंही तसंच. बांधकामावरच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा १५ ते २५ किलोच्या ओढीला सुटावा, अशी युरोपीय मानकाची अटच आहे, पट्टा कुठे अडकला तर गळफास बसू नये म्हणून. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचा पट्टा ५० किलोपर्यंत सुटत नाही. झाडावर उलटं व्हावं लागलं तरी डोक्यावर राहायला हवं, म्हणून इथे दुसरं.

(दृश्य: कॅराबिनरचं कुलूप, तीनदा उघडून बंद.)

कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची उघडझाप करणारी कडी. पोलादाचा असो की अॅल्युमिनियमचा, कुलूप तीन हालचालींचं हवं: वर सरकव, फिरव, मग उघड. फांदीला घासून आपोआप उघडणारं नको. आणि अंगावर कोरलेले बाण वाचा. उभा ओढला तर २२-२५ किलोन्यूटन, आडवा ओढला तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

(दृश्य: माणूस वर. खोडाभोवती दुसरी दोरी. करवत सुरू.)

करवत चालवण्याआधी दोन ठिकाणी बांधलेलं असणं, एवढा एकच नियम पाळायचा ठरवला तर तो हा. एक मुख्य दोर, दुसरी खोडाभोवतीची दोरी. आपल्या हातातलं पातं आपल्याच दोराच्या सगळ्यांत जवळ असतं. काही जण पोलादी तारेचा गाभा असलेली दोरी वापरतात. हातकरवतीला ती थोडा वेळ दाद देत नाही, चेनसॉला देते. आणि तार वीज वाहते, त्यामुळे फांदीजवळून लाइन गेली असेल तर ती दोरी गाडीतच राहू द्यावी. लाइन बंद करून घ्यायची ती वीज कंपनीच्या माणसाकडून, गच्चीवरच्या हौशी इलेक्ट्रिशियनकडून नाही.

फांदी उतरवायचा दोर वेगळा, रंगही वेगळा. हिसके खाल्लेल्या दोरावर माणूस चढत नाही. खाली उभ्या माणसाच्या कंबरेलाही हार्नेस आहे आणि त्याच्याजवळ दुसरा चढाईचा दोर आहे. वरचा बेशुद्ध झाला तर त्याला काही मिनिटांत उतरवावं लागतं. यातलं काही चुकलं तर काय होतं, ते झाडाखाली उभं राहून वर बघितलं की कळतं.

(दृश्य: फांदी तुटून लोंबते, हळूहळू खाली येते. मूळ आवाज ठेवावा, निवेदन नको.)

(दृश्य: सोसायटीचं कार्यालय. टेबलावर तीन कोटेशन.)

ही तीन कोटेशन. छाटणी, ओंडके कापणं, टेम्पो, झाडलोट. दोघांच्या कागदावर दोराचं नावही नाही. तिसऱ्यानं साधनांचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवला आणि साहजिकच त्याचा आकडा सगळ्यांत मोठा झाला. सोसायटीच्या बैठकीत त्या ओळीवर बोट ठेवून, हे कशाला, असं विचारलं गेलं. विचारणाऱ्यांच्या गाडीचा विमा दरवर्षी न चुकता भरला जातो. काम शेवटी तिसऱ्याला मिळालं. पार्किंगमधल्या गाड्यांना धक्का लागणार नाही, अशी हमी त्यानंच दिली होती.

(दृश्य: संध्याकाळ. दोर बोटांतून सरकवत तपासणी. वही.)

काम संपल्यावर दोर असा तपासतात. डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त. कुठे मऊ लागतो का, कुठे गाभ्यात खड्डा, कुठे वितळून चकाकलेलं वेष्टण. मग थंड पाण्यात धुणं, सावलीत वाळवणं, पिशवीत भरणं. टेम्पोत बॅटरीशेजारी ठेवायचा नाही. तिच्या आम्लाच्या वाफा नायलॉनचं वाटोळं करतात आणि वरून काही दिसत नाही. वहीत दोराचा क्रमांक, घेतल्याची तारीख, तपासणारा कोण. बऱ्याच उत्पादकांची कमाल मुदत १० वर्षांची, तीही नुसता कपाटात राहिला तर. रोजच्या कामातला दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो.

बाद झालेला दोर टोळी लगेच कापते, दोन-दोन मीटरचे तुकडे करून. ते टेम्पोत फांद्या आवळायला चालतात. त्याहून लांब तुकडा ठेवायचा नाही, म्हणजे घाईच्या सकाळी कुणी त्यावर चढणार नाही.