पंपाचं तोंड बसेना

[दृश्य: शाळेचा सायकल स्टँड. नट फिरवणारी बोटं. फुस्स!]

कुणावर राग असला की त्याच्या सायकलची हवा सोडायची. पोरगं जास्तच डांबिस असलं, तर नट परत जागच्या जागी लावून व्हॉलट्यूब मात्र खिशात घालायचं. मग बसा पंप मारत.

व्हॉलट्यूब म्हणजे काय, तर रबरी नळीचा जेमतेम बोटाच्या पेराएवढा तुकडा. धातूच्या बारीक नळीला बाजूला भोक असतं आणि त्यावर हे रबर चढवलेलं असतं. पंपाची हवा रबर ताणून आत घुसते आणि आत गेल्यावर तेच रबर भोकावर दाबून धरते. स्प्रिंग नाही, काही नाही. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्यानंतर काही वर्षांतच आलेली ही रचना आपल्या काळ्या सायकलींत अजून टिकून आहे.

तिची खोड एकच, रबर. ते उन्हाने चिकटतं, जुनं झालं की तडकतं. शिवाय प्रत्येक दट्ट्याला ते ताणावं लागतं, म्हणून दम लागतो. दाब बाहेरून नीट मोजताही येत नाही. म्हणून तर हवा बघायची ती अंगठ्याने टायर दाबून.

[दृश्य: गिअरच्या सायकलचं चाक, जवळून.]

हा जाड व्हॉल्व्ह श्रेडर, अमेरिकेतला, पेटंट 1893 चं. मधली पिन दाबली की हवा सुटते, सोडली की स्प्रिंग तोंड बंद करते. स्कूटरला, मोटारीलाही हाच, त्यामुळे पेट्रोल पंपावरची हवा चालते. फक्त थोडी थोडी घ्यायची. सायकलच्या ट्यूबमध्ये मावते किती, आणि कॉम्प्रेसरला तिची दया नाही.

[दृश्य: रेसिंग सायकल. निमुळता व्हॉल्व्ह.]

प्रेस्टा. रिमला भोक साधारण साडेसहा मिलिमीटरचं. श्रेडरला साडेआठ लागतं. अरुंद रिममध्ये हा फरक मोठा, कारण भोक जितकं लहान तितकी रिम मजबूत. यात स्प्रिंग नसते, आतला दाबच झडप लावून धरतो. हवा भरण्याआधी टोकावरचा चिमुकला नट सैल करायचा आणि भरून झाली की आठवणीने आवळायचा. घाईत पंप तिरका ओढलात, तर टोक वाकलंच म्हणून समजा.

सायकल म्हणून देखणी, पण घाटाखालच्या पंक्चरच्या टपरीवर पंपाचं तोंड तिला बसत नाही. तिथे लागतो टोपणाएवढा पितळी अ‍ॅडॅप्टर. प्रेस्टावर फिरवून लावला की वरून तो श्रेडर होतो. ज्याच्या सायकलला प्रेस्टा आहे, त्याने किल्लीच्या जुडग्यातच तो ठेवावा असं माझं मत. गावोगावी एकट्याने हिंडायचं असेल, तर मी जाड व्हॉल्व्हचीच सायकल घेईन.

[दृश्य: टपरी. पंक्चर काढून झालंय.]

हवा भरली. आता कारागीर बोटाला थुंकी लावतो, व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवतो आणि बघत राहतो.

बुडबुडा येत नाही. तो टोपण लावतो.