तेहतिसाचा पेच

सूक्ष्मदर्शकाखाली दिसताहेत ते एका संकरित कॉफीच्या झाडाचे परागकण. ॲसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्याच्या थेंबात काही कण गडद लाल झाले आहेत, टपोरे आणि भरलेले. बाकीचे फिकेच राहिले. काही आक्रसलेले, काहींची तर नुसती रिकामी टरफलं. हे झाड चांगलं जोमदार आहे, बहरलं की फांद्या पांढऱ्याशुभ्र होतात, पण फळधारणा जेमतेम. असं का, ते फूल उमलण्याआधी, बंद कळीतच ठरून गेलेलं असतं.

रोबस्टा या कॉफीच्या जातीच्या पेशीत 22 गुणसूत्रं असतात. लायबेरिका या दुसऱ्या जातीतही 22. अरेबिका या तिसऱ्या जातीत मात्र 44, कारण अरेबिका हाच मुळात एक जुना संकर आहे. कॉफिया कॅनेफोरा, म्हणजे आपण जिला रोबस्टा म्हणतो ती जात, आणि कॉफिया युजिनिऑइडिस, या दोन जातींच्या संयोगातून ती निसर्गात तयार झाली. दोन्ही पालकांचे पूर्ण संच तिच्यात आहेत, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचा जोडीदार मिळतो.

चवीला अरेबिका सरस, पण पानांवरच्या तांबेरा रोगापुढे दुबळी. 1869 मध्ये श्रीलंकेत हा रोग आला आणि पुढच्या काही दशकांत तिथले कॉफीचे मळे जाऊन चहा आला. रोबस्टात त्या रोगाला तोंड देण्याची ताकद आहे. मग दोघींचा संकर करावा, हा विचार साहजिकच आला.

इथेच पेच पडतो. अरेबिकाकडून 22 गुणसूत्रं येतात, रोबस्टाकडून 11. रोपात 33. झाड वाढायला या आकड्याची काही अडचण नाही. अडचण येते ती परागकण घडताना. कॉफीच्या कळ्या कोरड्या दिवसांत निजलेल्या असतात. पाऊस पडला की जाग्या होतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत उमलतात. मधल्या मोजक्या दिवसांत परागमातृपेशींचं, म्हणजे ज्यांतून परागकण होतात त्या पेशींचं, गुणसूत्रं निम्मी करणारं अर्धसूत्री विभाजन उरकतं. संशोधकाला नेमकी तीच कळी हवी असते, एखादा दिवस चुकला तर हाती काही लागत नाही.

आता सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तीच अवस्था पाहा. काही गुणसूत्रं जोडीने मध्यरेषेवर आली आहेत, कुठे तिघांची गुंफण झाली आहे, आणि ही बाजूला पडलेली एकटी. समोर जोडीदार नसल्याने त्यांची ओढ कुठल्या टोकाकडे, हे पक्कं ठरत नाही. विभाजन पुढे सरकतं तेव्हा ती मागे रेंगाळतात, कधी या टोकाला जातात, कधी त्या, कधी दोन्हीकडून सुटून वेगळंच छोटं केंद्रक होतात. एका पेशीतून व्हायच्या चार सारख्या कणांच्या जागी मग पाच-सहा लहानमोठे कण तयार होतात. बहुतेकांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो, म्हणून ते वांझ.

यावर एक उपाय शोधला गेला. रोबस्टाची गुणसूत्रं कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट करायची आणि मग अरेबिकाशी संकर करायचा. आयव्हरी कोस्टमध्ये 1960च्या दशकात अशी अरबुस्टा नावाची संकरित कॉफी घडवली गेली. गुणसूत्रं 44 झाली, तरी फळात पोकळ बिया राहिल्याच. कारण आत कॅनेफोराचे तीन संच आणि युजिनिऑइडिसचा एकच. आकडा जुळला, जोड्या जुळल्या नाहीत.

मला मात्र या चुकलेल्या जोड्यांचं मोल फार वाटतं. अरेबिकात दोन पूर्वजांची गुणसूत्रं एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. संकरात ती शिस्त सैल होते, रोबस्टाचं गुणसूत्र अरेबिकाच्या गुणसूत्राशी जोडी करतं, तुकड्यांची देवाणघेवाण होते. रोगप्रतिकाराचं जनुक अरेबिकात शिरतं ते याच वाटेने, आणि पुढच्या पिढीत पोचतं ते त्या थोड्या लाल, सजीव कणांमुळे.

1920च्या दशकात तिमोर बेटावर अरेबिकाच्या मळ्यात तांबेरा न लागणारं एक झाड सापडलं. अरेबिका आणि रोबस्टाचा तो नैसर्गिक संकर होता, पण 33 नव्हे, 44 गुणसूत्रांचा आणि फळणारा. पोर्तुगालमध्ये 1959 साली कातुरा या अरेबिकाच्या वाणाशी त्याचा संकर झाला, त्यातून कातिमोर वाण निघाले. आपल्याकडे कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात एस 795 हा वाण तयार झाला. त्याच्या वंशात लायबेरिका आहे, प्रतिकाराचं एसएच3 हे जनुक तिथूनच आलं.

रंग घेतलेला प्रत्येक कण रुजेलच असं नाही. रंग एवढंच सांगतो की कण भरलेला आहे. म्हणून साखर आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात परागनलिका फुटते का, हेही तपासावं लागतं. निवडलेलं झाड पुन्हा अरेबिकाशी संकरतात, पुन्हा कळ्या, पुन्हा मोजणी. बी पेरल्यापासून फुलं यायला साधारण तीन वर्षं जातात, म्हणजे दर पिढीला तेवढी वाट पाहणं आलंच. पिढीगणिक गुणसूत्रं जोडीत बसू लागतात, भरलेल्या कणांचं प्रमाण वाढतं. शेवटी फळं पाण्यात टाकून पाहतात. पोकळ बियांची फळं वर तरंगतात. ज्या झाडाची फारच थोडी तरंगतात, त्याचंच बी पुढे चाचणीच्या मळ्यात जातं.