हेडचे आठ बोल्ट

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगरातलं गॅरेज. बॉनेट उघडं, हेड उतरवलेलं.)

गाडी मारुती 800. 1983 साली रस्त्यावर आली, 2014 साली तिचं उत्पादन थांबलं, पण दुरुस्तीला अजून येते. हिचं हेड गॅस्केट गेलं होतं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड यांच्या मधली सील. पाणी ऑइलमध्ये उतरलं आणि ऑइल तपासायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, चहाच्या रंगाचा फेस लागला. आता नवं गॅस्केट बसेल, वर हेड येईल, आणि ते धरून ठेवायचं काम आठ बोल्टांचं.

हे काम केवढं आहे, ते आकड्यांत बघू. सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास 37 चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटतं तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर 40 किलोचा दाब धरला, तरी हेडला खालून दीड टनाचा धक्का बसतो. इंजिन 3000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला 25 वेळा. एवढं सोसूनही हेड तसूभर उचललं जाता कामा नये.

(दृश्य: हातात धरलेला जुना बोल्ट, आटे जवळून.)

बोल्ट आवळला की तो किंचित लांबतो. पुन्हा आखडायची त्याची जी ओढ, तीच हेडला दाबून धरते. 10 मिलिमीटरचा बोल्ट 60 न्यूटन-मीटरनं (पिळायच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळला, तर ही ओढ साधारण तीन टनांपर्यंत जाते. पण टॉर्क पाना, म्हणजे लावलेला आकडा गाठला की ‘टक्’ वाजणारा पाना, ती ओढ मोजत नाही. बोल्ट पिळायला किती जोर लागला, एवढंच तो सांगतो. आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जोर घर्षणातच खर्च होतो, थोडा माथ्याखाली, थोडा आट्यांत. आटे गंजलेले असतील तर पाना ‘टक्’ म्हणतो, आकडा बरोबर दिसतो, आणि बोल्ट मात्र आतून सैलच राहतो.

म्हणून इथले मिस्त्री अर्धा दिवस नुसत्या साफसफाईत घालवतात, आणि तो वेळ सार्थकी लागतो. बोल्ट तारेच्या ब्रशनं घासून घेतले. भोकांमधून आटे साफ करणारा टॅप हलक्या हातानं फिरवला, मग हवा मारली. भोकाच्या तळाशी ऑइल किंवा पाणी साचून राहिलं, तर खाली येणाऱ्या बोल्टला जागा मिळत नाही आणि त्या दाबानं ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आट्यांना आणि माथ्याखाली ऑइल लावायचं की कोरडं ठेवायचं, हे मॅन्युअल सांगतं तसंच करायचं. कोरड्या बोल्टासाठी दिलेला आकडा ऑइल लावलेल्या बोल्टाला वापरला, तर तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

(दृश्य: हेडवर आडवी-तिरपी ठेवलेली सरळ पट्टी.)

गाडी तापून बंद पडली असेल, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं असण्याची शक्यता मोठी. पट्टीखाली 0.05 मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) शिरतंय का, हे आधी बघायचं. शिरलं, तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला. वाकडं हेड बोल्ट आवळून सरळ होत नाही.

गॅस्केट बसलं, ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर. हेड अलगद उतरवलं. आठही बोल्ट आधी हातानंच लागले.

“मामा, पाइप लावू का पान्याला?” मदतीला असलेला पोरगा मिस्त्रींना विचारतो.

“अजिबात नाही. पाइप खोलताना. आवळताना हात.”

सुरुवात मधल्या बोल्टांपासून. एक बोल्ट, मग त्याच्या तिरप्या समोरचा, असं करत कडांकडे सरकायचं. उलट कडेकडून सुरुवात केली, तर मधला फुगवटा तसाच अडकून राहतो आणि गॅस्केट तिथं नीट दबत नाही. समजा शेवटचा आकडा 60 आहे. मग पहिल्या फेरीत आठही बोल्ट 20 वर, दुसरीत 40 वर, तिसरीत 60 वर. फेरी पुरी झाल्याशिवाय आकडा वाढवायचा नाही.

(दृश्य: टॉर्क पाना, मुठीवरचा हात.)

हात बघा. झटका नाही, एका दमात संथ ओढ. मध्येच थांबलं, की अडकलेला बोल्ट पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि पाना वेळेआधीच वाजतो. असं झालंच, तर बोल्ट थोडा सैल करून पुन्हा ओढायचा. आणि ‘टक्’ झालं की थांबायचं. खात्रीसाठी म्हणून आणखी एकदा दाबायची सवय बोल्टाला नाहक ताणते.

हे सगळं इंजिन थंड असताना. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड फुगतं आणि बोल्टांवरचा ताण आपसूक वाढतो. थंड इंजिनाचा आकडा ही वाढ धरूनच ठरवलेला असतो.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत रीत निराळी आहे. आधी थोडा टॉर्क द्यायचा, मग बोल्ट ठरलेल्या अंशात फिरवायचा, 90 अंश, कधी पुन्हा 90. यात घर्षणाची लुडबूड कमी होते. पण यातले कित्येक बोल्ट कायमचे लांबतात, आणि असे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. नवे बोल्ट महाग पडतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं, तेव्हा मिस्त्रींनी ठाम राहावं.

(दृश्य: इंजिन चालू होतं.)

पाणी भरलं, नवं ऑइल घातलं. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून बंद होईपर्यंत गाडी उभ्यानंच चालवायची. पाण्यात बुडबुडे दिसत नाहीत. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मामा डिपस्टिक पुसून पुन्हा घालतील, आणि ऑइल स्वच्छ असेल तर उद्या सकाळी गाडी मालकाकडे जाईल.